एफ-सोळाचे दिवस

ऐंशीच्या दशकात पुण्याच्या टेकड्यांवर फुलांचे आणि किड्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पिशवीत मॅक्रो लेन्स क्वचितच असायची. निकॉनची ५५ मिलिमीटरची नवी मायक्रो-निकॉर आणि टॅमरॉनची ९० मिलिमीटरची मॅक्रो, दोन्ही १९७९ साली बाजारात आलेल्या. आम्ही त्यांची छायाचित्रं परदेशी मासिकांच्या जाहिरातींत पाहायचो आणि पान उलटायचो. माझ्याकडे रशियन झेनिट होता आणि त्याच्यावर ५८ मिलिमीटरची हेलिओस. कॅमेरा वजनदार, ठोकळ्यासारखा. लेन्स मात्र फार गुणी. तिला कॅमेऱ्यापासून थोडं लांब नेलं, की ती जवळचं बघायला लागायची.

लांब न्यायचं म्हणजे मध्ये पोकळ कड्या बसवायच्या. याच एक्स्टेन्शन ट्यूब. आत काच नाही, काही नाही. नुसती आट्यांची धातूची नळी. झेनिटच्या संचात सात, चौदा आणि अठ्ठावीस मिलिमीटरच्या तीन कड्या यायच्या. तिन्ही एकावर एक पिळून बसवल्या की जवळपास ‘एकास एक’ मिळायचं, म्हणजे पाऊण इंचाचा भुंगा फिल्मवरही पाऊण इंचाचाच उमटायचा. ज्यांना कड्याही मिळाल्या नाहीत ते लेन्स उलटी करून रिव्हर्स रिंगवर लावायचे. आमच्यातल्या एका जाणत्या माणसाकडे बेलोज होता. त्याचा काळा भाता उघडला की मुंगीच्या डोळ्यापर्यंत जाता यायचं. पण वाऱ्याची झुळूक आली तरी सगळं थरथरायचं, म्हणून तो घरातल्या टेबलावरच शोभायचा. आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लेन्सच्या पुढे लावायचे क्लोज-अप फिल्टर, एक, दोन आणि चार नंबरचे, चष्म्याच्या भिंगासारखे. फुलाच्या मध्यभागी बरं दिसायचं, कडेला पाकळ्यांवर रंगांच्या झालरी यायच्या. जास्वंदीला चालायचं, सोनकीला नाही.

या सगळ्या जुगाडात एक हिशोब कायम डोक्यात चालू ठेवावा लागे, तो उजेडाचा. लेन्स फिल्मपासून लांब गेली की फिल्मवर पोचणारा प्रकाश कमी होतो. एकास एकला तो चौथा हिस्साच उरतो. आता हे प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. फुजीची वेल्व्हिया ही स्लाइड फिल्म १९९० साली आली आणि तिच्या रंगांनी आम्हाला वेड लावलं, पण तिची गती फक्त ५०. लख्ख उन्हात एफ-सोळा ॲपर्चरला तिला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. एकास एकला गेलात की त्याच्या चौपट, म्हणजे सेकंदाचा साधारण तेरावा भाग. कुर्डूच्या तुऱ्यावर बसलेल्या माशीचा फोटो सेकंदाच्या तेराव्या भागात, हातात कॅमेरा धरून, वाऱ्यात! ते होणारच नव्हतं. ॲपर्चर उघडलं तर शटर वाढवता यायचं, पण मग शार्प काय राहायचं?

क्लोज-अपचं खरं दुखणं हेच आहे. डोंगराचा फोटो काढताना पायाजवळच्या गवतापासून सुळक्यापर्यंत सगळं स्पष्ट ठेवता येतं. एकास एकला मात्र एफ-सोळावरही जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा थर शार्प राहतो. एफ-आठला एक. एफ-दोनपूर्णांकआठला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. चतुराचा डोळा त्याहून जाड असतो. शिवाय एफ-बावीस किंवा बत्तीसपर्यंत ॲपर्चर मिटवून पळवाट काढावी, तर तिथे प्रकाश स्वतःच आडवा येतो. एवढ्याशा भोकातून जाताना तो पसरतो आणि सगळा फोटोच थोडा मऊ पडतो. एकास एकला लेन्सवरचा सोळा हा आकडा प्रत्यक्षात बत्तीसचं काम करत असतो, त्यामुळे सोळा हीच आमची वेस. माझ्या हेलिओसचं ॲपर्चर सोळाच्या पुढे जातच नव्हतं. आमच्या पिढीने उभी हयात एफ-सोळावर काढली, असं म्हटलं तरी चालेल.

त्या दोन मिलिमीटरांत काय बसवायचं, हा प्रश्न कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच सोडवावा लागे. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर त्याच्या अगदी काटकोनात जायचं. पंख आणि फिल्म समांतर आले की अख्खा पंख त्या पातळ थरात मावतो, खवले न् खवले दिसतात. जरा तिरकं गेलं की शेपटाकडचा भाग धुक्यात. नाकतोडा समोरून घ्यायचा नाही, बाजूने घ्यायचा. समोरून घ्यायचाच असेल तर डोळे धरायचे आणि बाकीच्या अंगावर पाणी सोडायचं. फुलाच्या बाबतीत पुंकेसर धरायचे की पुढची पाकळी, हे ठरवायचं. कळलावीसारखं फूल, ज्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि केसर चारी दिशांना ताणलेले, ते तर रडवायचं. कुठूनही गेलात तरी एक-दोनच केसर हाती लागायचे. मग त्यातला कुठला, यावर आमच्यात चहा संपेपर्यंत वाद चालायचा.

हेलिओसचं ॲपर्चर हाताने मिटवावं लागायचं. आधी पूर्ण उघडं ठेवून फोकस करायचा, मग डोळा न हलवता बोटाने कडी फिरवायची. कडी फिरली की व्ह्यूफाइंडरमध्ये संध्याकाळ व्हायची. आपण जो डोळा नेमका धरला होता तो दिसेनासा व्हायचा आणि मग विश्वासावर बटण दाबायचं. फोकससुद्धा लेन्स फिरवून करण्यात अर्थ नसायचा, कारण ती फिरवली की आकारच बदलतो. आकार आधी ठरवून ठेवायचा आणि मग स्वतःलाच पुढे-मागे न्यायचं, कोपरं जमिनीवर रोवून, छातीखाली मळकी पिशवी घेऊन, मिलिमीटर-मिलिमीटरने. श्वास अर्धा सोडून थांबायचं. किड्याचा डोळा धूसरातून वर येतो, चमकतो आणि पुन्हा बुडतो. तो चमकण्याच्या किंचित आधी बोट दाबायचं. हे बोटांना यायला फार दिवस लागले. पण एकदा आलं की ते गेलं नाही. आज माझ्या हातात असलेल्या कॅमेऱ्यात सतरा सोयी आहेत, तरी अंग आपोआप तसंच डुलतं.

वाऱ्याचा बंदोबस्त ही वेगळीच विद्या होती. सायकलची जुनी तार जमिनीत खोचायची आणि तिच्या टोकाला वाळत घातलेल्या कपड्यांचा लाकडी चिमटा बांधून त्यात फुलाचा देठ हलकेच धरायचा. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवायची. थर्माकोलचा तुकडा सावलीच्या बाजूला धरला की पाकळीचा अंधारातला भाग उजळायचा. ट्रायपॉड असायचे ते ॲल्युमिनियमचे, हलके, आणि जमिनीलगत जायचेच नाहीत; मग मधला दांडा काढून उलटा घालायचा आणि कॅमेरा खाली डोकं वर पाय असा टांगायचा. मूगडाळीने भरलेली कापडी पिशवी त्याहून कामाची. जमिनीवर ठेवावी, तिच्यात कॅमेरा दाबून बसवावा. तो तसूभर हलत नसे.

आणि फ्लॅश. उन्हाचा उजेड पुरत नाही म्हणून फ्लॅश लावायचा, पण झेनिटचं शटर फ्लॅशबरोबर सेकंदाच्या तिसाव्या भागाहून वेगात चालत नसे. उघड्या उन्हात तेवढ्या वेळात दोन फोटो एकावर एक उमटायचे: एक फ्लॅशने गोठवलेला स्वच्छ किडा आणि त्याच्या कडेने उन्हातलं हललेलं भूत. म्हणून पुन्हा छत्री. तिची सावली किड्यावर धरायची आणि सगळा उजेड फ्लॅशचाच द्यायचा. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. तोच खरं शटर बनायचा. मोबदल्यात मागचा भाग काळाकुट्ट यायचा, कारण मागच्या झुडपापर्यंत तो उजेड पोचतच नसे. त्या काळातले सकाळी अकराला काढलेले किड्यांचे फोटोही मध्यरात्रीचे वाटतात ते त्यामुळे. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर किंवा पांढरा रुमाल बांधायचा, नाहीतर ढालकिड्याच्या पाठीवर जळजळीत पांढरा ठिपका यायचा.

हे सगळं जमलं की नाही, ते कळायला वाट पाहावी लागे. छत्तीस फोटोंचा रोल संपायचा, मग तो लॅबला जायचा. स्लाइडच्या ई-सिक्स प्रक्रियेला अनेक रसायनं लागतात आणि पहिल्या डेव्हलपरचं तापमान ३८ अंशांवरून जरा ढळलं तरी रंग बिघडतात. सगळ्या लॅबना ते जमत नसे. स्लाइडला चुकीची मुभाही फार नाही. अर्धा स्टॉप इकडे-तिकडे झाला की पांढरी पाकळी जळालीच. म्हणून वही. प्रत्येक फोटोचा क्रमांक, किती मिलिमीटरच्या कड्या, कुठलं ॲपर्चर, फ्लॅश किती इंचांवर, ढग होते की नाही, सगळं पेन्सिलने टिपायचं. स्लाइड आल्या की ती वही उघडायची, टेबलावर दुधी काच, खाली ट्यूबलाइट, डोळ्याला दहापट मोठं दाखवणारी लूप, आणि एकेक स्लाइड वहीशी ताडून पाहायची. कॅमेऱ्यात किड्याचा डोळा एका क्षणापुरता पाहिलेला असायचा. इथे तो निवांत समोर असायचा, षटकोनी भिंगांच्या जाळीसह, किंवा नसायचा.

शिकवणारी पुस्तकं थोडी होती आणि ती हातोहात फिरायची. जॉन शॉ या अमेरिकन फोटोग्राफरचं ‘क्लोजअप्स इन नेचर’ १९८७ साली निघालं. त्यातले उजेडाचे आणि मोठेपणाचे हिशोब आमच्यातल्या अनेकांनी हाताने उतरवून घेतले होते. त्याही आधी, १९७५ साली, स्टीफन डाल्टन या ब्रिटिश फोटोग्राफरने ‘बोर्न ऑन द विंड’ या पुस्तकात उडत्या कीटकांची अशी छायाचित्रं दिली की पाहणाऱ्याचा विश्वास बसू नये. कीटक उडत प्रकाशाच्या किरणातून गेला की शटर आपोआप उघडायचं आणि सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाचा फ्लॅश पडायचा. ही यंत्रणा त्याने खास तयार करवून घेतली होती. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. पण त्या चित्रांनी एक गोष्ट मनात पक्की बसवली, की किडा शार्प यायचा असेल तर आधी त्याचा दिनक्रम कळला पाहिजे.

तो कळण्यासाठी लवकर उठावं लागे. कीटकांचं रक्त थंड, म्हणजे अंगाची ऊब बाहेरून घ्यायची. सूर्य वर येईपर्यंत त्यांना हलणं जड जातं. पहाटे वेताळ टेकडीवर गवताच्या पात्यावर चिकटलेला चतुर दवाने मढलेला असायचा. कॅमेरा चार बोटांवर नेला तरी तो उडत नसे. ऊन तापलं की तोच चतुर हाताच्या सावलीने पळायचा. पण तो सवयीचा गुलाम. एका काडीवरून उडाला की माशी पकडून बहुधा त्याच काडीवर परत यायचा. म्हणून त्याच्यामागे धावायचं नाही, काडीवर फोकस करून बसायचं. रुईच्या झुडपावरचा निळा-पिवळा नाकतोडा ही तर नवशिक्यांसाठी देणगीच. रुईचं विष अंगात असल्यामुळे त्याला कुणाची भीती नाही, आणि तो पळायची घाई करत नाही. संध्याकाळी उलटं व्हायचं. काही रानमाश्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या, वाळक्या काडीला जबड्याने धरून तशाच लोंबकळत झोपतात, एकीशेजारी एक. एकदा त्यांची काडी सापडली की दुसऱ्या दिवशीही तिथेच जायचं.

कासचं पठारही तेव्हा वेगळं होतं. साताऱ्याहून एसटीने नाहीतर स्कूटरवर जायचो. भाद्रपदात पठारावर ढग उतरलेले, कुणीही नाही, आणि पायाखाली सीतेची आसवे, गेंद, तेरडा. सीतेच्या आसवांचं फूल करंगळीच्या नखाएवढं. एका पायवाटेच्या कडेला पोट टेकून तासभर पडलं तरी सगळा रोल तिथेच संपायचा. दवबिंदू या वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब टिपायचे तर प्रत्येक थेंबात फ्लॅशचा टोकदार ठिपका उतरायचा, म्हणून ढगाळ उजेडाची वाट पाहायची, आणि ढगाळ उजेडात वेल्व्हियाला पूर्ण सेकंद लागायचा. वारा थांबला की बटण. वारा थांबायचा नाही.

आणि मग स्लाइड शो. एखाद्या शाळेचा वर्ग, भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. दिव्याच्या उष्णतेने पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म दोन-तीन सेकंदांत फुगायची आणि पडद्यावरचा कोळी शार्प असतानाच एकदम धूसर व्हायचा. लगेच मागून कुणीतरी ओरडायचं, "फोकस!" ज्याचे फोटो तो लेन्स फिरवायचा आणि कोळी परत यायचा, भिंतीएवढा, त्याचे दोन मोठे पुढचे डोळे आणि पापण्यांसारखे केस. अंधारात लहान मुलं किंचाळायची. मोठी माणसंही पुढे सरकून बसायची.

आता काय आहे? आता माझ्या कॅमेऱ्याची गती १६०० वर ठेवली तरी फोटो स्वच्छ येतो. वेल्व्हियाच्या बत्तीसपट. ज्या फोटोला सेकंदाचा तेरावा भाग लागायचा त्याला आता चारशेवा भाग पुरतो, म्हणजे कुर्डूवरची माशी हातात कॅमेरा धरून, एफ-सोळावर, फ्लॅशशिवाय. हे वाक्य तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला बसवून चहा पाजला असता. कॅमेऱ्याचा पडदा शार्प भाग रंगीत कडांनी दाखवतो, हवा तिथे दहापट मोठा करून देतो. हाताची थरथर आतली यंत्रणा सांभाळते. फोटो तिथल्या तिथे दिसतो आणि डोळा धरला गेला नसेल तर किडा उडायच्या आत दुसरा काढता येतो. कॅननने १९९९ साली काढलेली एमपी-ई ६५ ही लेन्स तर एकास एकपासून सुरू होते आणि पाचपटीपर्यंत जाते. तिने लांबचं दिसतच नाही. भाता आणि कड्यांच्या सगळ्या करामती तिने एका नळीत आणल्या.

पण सगळ्यांत मोठा बदल त्या दोन मिलिमीटरांचा झाला. आता एकाच किड्याचे एकामागोमाग पाच, वीस, पन्नास फोटो काढतात, दर वेळी फोकस केसभर पुढे सरकवत, आणि संगणक प्रत्येकातला शार्प पट्टा उचलून सगळे एकत्र शिवतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. ॲपर्चर एफ-पाचपूर्णांकसहाच्या आसपास ठेवायचं, जिथे लेन्स सर्वांत तीक्ष्ण असते आणि प्रकाश पसरण्याचा त्रास नाही. एका सेंटीमीटर खोलीच्या किड्याला वीसेक फोटो पुरतात. २०१५ साली ऑलिंपसने त्यांच्या ई-एमवन कॅमेऱ्यात हे काम कॅमेऱ्याच्या आतच करून दाखवलं. २०१७ च्या निकॉन डी-८५० मध्ये फोकस आपोआप सरकत जाऊन फोटोंची मालिका मिळू लागली. २०१६ साली लेव्हन बिस या फोटोग्राफरने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांचं ‘मायक्रोस्कल्प्चर’ हे प्रदर्शन केलं, त्यातलं एकेक चित्र आठ हजारांहून अधिक फोटो जोडून बनलेलं आहे. भुंग्याच्या पाठीवर दऱ्याखोरी दिसतात. जाळीत घासून पडलेला प्रत्येक ओरखडा दिसतो. डाल्टनने हवेतला किडा थांबवला होता, बिसने थांबलेल्या किड्याची सगळी खोली उलगडली.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ही चैन नाही, हे साधन आहे. कोळी ओळखायला त्याच्या पायांवरचे काटे, डोळ्यांची मांडणी, जबड्याचे दात पाहावे लागतात. माझ्या जुन्या स्लाइडवर कोळ्याचे दोन डोळे दिसतात आणि बाकीचं अंग सुंदर धूसर आहे. त्यावरून तज्ज्ञ फार तर कुळ सांगेल. आजची कॉलेजातली मुलगी त्याच कोळ्याचा स्टॅक काढते आणि आठही डोळे, सगळे काटे, पोटावरचा प्रत्येक खवला एका चित्रात देते. तिला किडा मारून टाचणीवर टोचावा लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

तरीही मी माझ्या भिंतीवर स्टॅक केलेलं चित्र लावलेलं नाही. कळलावीचे सगळे केसर, सगळ्या पाकळ्या, मागचा देठ, सगळं एकसारखं टोकदार असलं की डोळा कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. जुन्या फोटोत कुणीतरी ठरवलेलं असायचं, की हा एक केसर. बाकीचं फूल त्याच्यासाठी मागे सरकलेलं असायचं. तो निर्णय फोटो काढण्याआधी, चिखलात पडून, श्वास अर्धा सोडून घेतलेला असायचा, आणि तो फोटोत राहायचा. आज शार्पपणा बटण दाबल्यानंतर ठरतो, घरी, खुर्चीत बसून. मला तुटल्यासारखं वाटतं ते याचं. रोलचं आणि लॅबच्या वाऱ्यांचं नाही. त्या गेल्या ते बरं झालं.

स्टॅकिंगला वाराही चालत नाही. वीस फोटोंच्या मध्ये देठ तसूभर हलला की शिवणीच्या जागी पाकळीला दुहेरी कडा येतात, केसांभोवती उजेडाची वलयं दिसतात. किड्याने मिशी हलवली तर एका चित्रात चार मिश्या. म्हणजे शेवटी पुन्हा पहाट, पुन्हा दव, पुन्हा काडीला जबड्याने लटकलेल्या झोपाळू रानमाश्या. नवी मुलं जेव्हा मला विचारतात की जिवंत कीटकाचा स्टॅक कसा काढावा, तेव्हा मी त्यांना कॅमेऱ्याबद्दल काहीच सांगत नाही, साडेपाचला टेकडीवर या म्हणतो. येणारी येतात. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करावा असा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. पहाटेची थंडी फुकट आहे आणि किडा नंतर आपल्या वाटेने जातो.

फोनचंही तसंच. २०२१ च्या आयफोन १३ प्रोच्या कॅमेऱ्यानेही दोन सेंटीमीटरवरचं टिपता येऊ लागलं आणि आता कितीतरी फोनांत ती सोय आहे. चिमुकल्या सेन्सरमुळे शार्प थरही जाड मिळतो. गेंदाचं अख्खं बोंड पुढून मागपर्यंत स्पष्ट येतं. मी स्वतः वापरतो. पण दोन सेंटीमीटर म्हणजे फोनची सावली फुलावर पडणारच, आणि जागा झालेला किडा दोन सेंटीमीटरवर थांबत नाही. जुने लोक लांब लेन्ससाठी का जीव टाकायचे ते तिथे कळतं: पन्नासच्या लेन्सने एकास एक मिळवायचं तर नाक किड्याला टेकतं, शंभरला बरं अंतर राहतं, दोनशेला फुलपाखरू आपल्याकडे लक्षही देत नाही.

पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली कासचा समावेश झाला. आता तिथे हंगामात गाड्यांच्या रांगा असतात, आधी नोंदणी करावी लागते, पैसे भरावे लागतात. ते योग्यच आहे. जांभ्या खडकावर काही बोटं मातीचा थर, त्यात ही सगळी फुलं. त्यावर रोज हजारो पावलं पडली तर काय उरेल? आम्ही पोट टेकून पडायचो तेव्हा आम्ही चार-पाचच होतो. आज तसं प्रत्येकाने केलं तर क्लोज-अपसाठी फूलच राहणार नाही. इथे नव्या यंत्राने मोठाच उपकार केला आहे. फिरवता येणारा पडदा उघडायचा, पायवाटेवरच उकिडवं बसायचं, कॅमेरा हात लांब करून फुलाच्या उंचीला न्यायचा आणि वरून पडद्यात बघायचं. गवत चिरडत नाही. जुन्या व्ह्यूफाइंडरने हे शक्यच नव्हतं. डोळा कॅमेऱ्याला आणि कॅमेरा जमिनीला चिकटलेला असायचा.

दवबिंदूच्या थेंबांचाही मार्ग निघाला. आता फ्लॅशपुढे अर्धगोल पांढरं प्लास्टिक बसवतात, काही जण घरीच फोम शीट वाकवून करतात. थेंबात टोचणारा ठिपका येत नाही, मऊ पांढरी खिडकी उतरते. ढालकिड्याच्या पाठीवरचे खरे रंग दिसतात. ट्रेसिंग पेपर आणि रुमालाचीच ही पुढची पायरी आहे, आणि या एका बाबतीत मी जुन्या फोटोंची बाजू घेऊ शकत नाही. त्यातली काळी रात्र आणि ते जळके ठिपके मला आता बघवत नाहीत.

गेल्या काही वर्षांत जुन्या स्लाइड स्कॅन करायचं काम काढलं आहे. पावसाळ्यात बुरशीने कडेपासून आत पाय पसरले आहेत, सिलिका जेल घालूनही. पडद्यावर मोठं करून पाहिलं की वेल्व्हियाचा दाणेदार पोत दिसतो आणि ज्याला आम्ही ‘टोकदार’ म्हणायचो ते आजच्या मापाने मध्यमच आहे, हेही दिसतं. पण प्रत्येक चौकटीच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेलं आहे: वेताळ टेकडी, तारीख, झाडाचं नाव, कड्या, ॲपर्चर. ही नोंद आता अनपेक्षितपणे कामाला येते. लोकांच्या निरीक्षणांतून जैवविविधतेची माहिती गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर जुने फोटोही तारीख-ठिकाणासह चढवता येतात. टेकडीच्या ज्या उतारावर आज रस्ता आणि इमारती आहेत, तिथे चाळीस वर्षांपूर्वी कुठली फुलपाखरं कुठल्या झुडपावर बसायची, याचा पुरावा त्या पुठ्ठ्यांवर आहे. एका तज्ज्ञाने माझ्या एका धूसर शेपटाच्या चतुराची जात फक्त पंखावरच्या शिरांवरून ओळखली, कारण पंख फिल्मशी समांतर होता आणि सगळा शार्प होता.

बरेच ट्रे अजून उरले आहेत. कड्यांच्या आणि ॲपर्चरच्या नोंदी आता कुणाला नकोत, पण मी त्याही टंकून ठेवतो. पुढच्या पावसाच्या आत स्कॅनिंग संपवायला हवं. बुरशी थांबत नाही.